सुलट बाजू आत

३ फेब्रुवारी

अक्का,

मोठ्या बहिणीला पत्र लिहिताना वर काय काय लिहायचं असतं ते तूच माझ्याकडून घोकून घेतलं होतंस. ते सगळं लिहिलं असं समज, कारण आज सांगायचं फार आहे.

तुझ्या लेकीनं धाडलेलं फॅक्सचं यंत्र पोचलं. तसंच एक तुझ्याकडेही आलं असेल. मला फोनवर म्हणाली, "मामा, आईला आता फोनवर काही म्हणता काही ऐकू येत नाही. तुम्ही ओरडता, ती 'बरं, बरं' म्हणते आणि ठेवून देते. त्यापेक्षा लिहा. तुमच्याकडे कागद आत घातला की तसाच आईकडे बाहेर येईल." ऐकून मला आईची आठवण झाली. तिचेही कान असेच हळूहळू मिटत गेले होते ना. मी तेव्हा नोकरीच्या गावी, जे काही बघितलं ते तूच.

सगळी नोकरी मी पोस्टात पत्रांवर शिक्के मारत काढली. आता म्हातारपणी पोस्टालाच चकवून पत्र धाडायचं म्हणजे घरच्यांशी दगाबाजी केल्यासारखं वाटतं. तरी काल अंघोळबिंघोळ करून, नवा सदरा घालून यंत्रासमोर बसलो. तुझी भावजय म्हणाली, "अहो, फोटो काढायचं मशीन नाही ते." मी लक्ष दिलं नाही. कागद घातला, तुझा नंबर दाबला. यंत्र गुणगुणलं, थोडं खाकरलं आणि त्याच्या चिमुकल्या खिडकीत अक्षरं उमटली: 'नो रिस्पॉन्स'. पुन्हा केलं. पुन्हा तेच. लहानपणी मित्राच्या दाराशी उभं राहून हाका माराव्यात आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं झालं बघ.

म्हणून हे पत्र टपालानं. तुझं यंत्र झोपलंय की रुसलंय, जरा बघशील का?

आणि शाळेच्या पायऱ्यांवर बसून तू मला ती पहाटवाऱ्याची कविता पाठ करून घेतली होतीस, आठवतं? पाटी मांडीवर, पट्टी तुझ्या हातात. तिचं दुसरं कडवं मला काही केल्या आठवत नाही. सध्या तेवढाच एक ध्यास आहे.

तुझा धाकटा


१० फेब्रुवारी

कविराज,

पत्र मिळालं. यंत्राबद्दल चार ओळी, बाकी शाळेच्या पायऱ्या. सुधारला नाहीस.

यंत्र झोपलेलं नव्हतं, रुसलेलंही नव्हतं. ते माझी वाट बघत होतं. पुस्तिकेत लिहिलंय की एक बटण 'मॅन्युअल'वर असलं तर ते नुसतं वाजत राहतं, कुणीतरी उचलायला हवं असतं. बहिऱ्या बाईच्या घरात ते बिचारं किती वाजलं असेल कोण जाणे. शेवटी खालचा दुकानदार जिना चढून आला आणि दोन्ही कानांवर हात ठेवून मला दाखवलं, तेव्हा कळलं. आता बटण 'ऑटो'वर केलंय. कुणी उचलायची गरज नाही.

यंत्र मी खिडकीपाशी, कापड बेतायच्या टेबलावर ठेवलंय. उजेड तिथेच आहे आणि मीही दिवसभर तिथेच असते. पण कागद आलेला मला कळणार कसा? त्यावर तोड काढली. यंत्राच्या तोंडापुढे दोऱ्याचं रिकामं रीळ उभं करून ठेवते. कागद बाहेर आला की रीळ पडतं आणि घरंगळत माझ्या पायाशी येतं. तुझ्या पोस्टापेक्षा बरी सोय.

आईचं म्हणतोस ते खरं आहे. तिचं सगळं माझ्या लक्षात आहे. त्यावर लिहायला नको.

कर आता फॅक्स.

अक्का


१७ फेब्रुवारी, फॅक्सने

अक्का, रीळ पडलं का?

हे तुला मिळालं तर समज की आम्ही जिंकलो. काल दिवसभर यंत्राशी झटापट केली. तुला लिहायचं खूप होतं, आणि पान संपलं की विचार तुटतो. म्हणून मी पानं एकाखाली एक डिंकानं चिकटवली आणि ती लांबलचक पट्टी यंत्राला भरवायला बसलो. त्यानं थोडी गिळली आणि थांबलं. खिडकीत अक्षरं आली: 'डॉक्युमेंट टू लाँग'. मी तुझ्या भावजयीला विचारलं, हे काय म्हणतंय? ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी लग्नापासून म्हणत आले तेच." मग कात्री घेऊन माझी पट्टी कापली. आता एकेक पान धाडतोय.

पण अक्का, काय मौज आहे बघ. मी इथे कागद पालथा घालतो, अक्षरं खाली तोंड करून अंधारात शिरतात, आणि तिकडे तुझ्या खिडकीच्या उन्हात वर तोंड करून निघतात. पोस्टात असताना मला नेहमी वाटायचं, पत्राला रस्त्यात काय काय दिसत असेल. या पत्राला काहीच दिसत नाही, ते नुसतं डोळे मिटतं आणि उघडतं.

आता कविता. मला येते तेवढी लिहितो. मधे जागा सोडली आहे, तिथे काय होतं ते तू भर.

पहाटवारा आला दारी,
हळूच फिरवी पाने;
उठा मुलांनो, उघडा खिडकी,
ऐका त्याचे गाणे.

.
.
.
.

निघून गेला वारा तेव्हा
दार राहिले उघडे;
उद्याही तो येइल म्हणुनी
बघतो आम्ही तिकडे.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी, फॅक्सने

कविराज,

रीळ पडलं. नुसतं पडलं नाही, कपाटाखाली गेलं. काठीनं काढलं.

पत्र स्पष्ट आलंय, तुझ्या अक्षरातला प्रत्येक फराटा दिसतो. टेबलाच्या काचेखाली घालून ठेवलंय. कापड बेतताना मान खाली असतेच, तेव्हा आपोआप वाचलं जातं. इतक्या वर्षांत तुझा आवाज कसा होता ते विसरेन की काय अशी भीती वाटत होती. तुझं पत्र वाचलं की तो आठवतो. किरकिरा होता, पण आठवतो.

शिलाई मशीन चालतं तेव्हा मला आता नुसती पायात थरथर कळते. दोरा तुटला तर तीही बदलते. म्हणजे काम अडत नाही.

दुसरं कडवं मला पाठ आहे. पण सांगणार नाही. तुझं तूच आठव.

अक्का


८ मार्च, फॅक्सने

अक्का, रीळ पडलं का?

तीन पानं धाडली होती, त्यातलं मधलं तुला मिळालं नसणार. खिडकीत 'कम्युनिकेशन एरर' आलं. घाबरून पुस्तिका उघडली. लाइनमध्ये व्यत्यय, असं लिहिलेलं. व्यत्यय स्वयंपाकघरात उभा होता. तुझ्या भावजयीनं तिथला दुसरा फोन उचलला होता, तिच्या बहिणीशी बोलायला. "कानात कर्कश किंचाळलं हो काहीतरी," म्हणाली, "मला वाटलं आमची ताईच आहे." आता मी पत्र धाडताना स्वयंपाकघराच्या दाराला खुर्ची लावतो.

दुसरा गुन्हा तिचाच. तुझं मागचं पत्र मी जपून टेबलावर ठेवलेलं, त्यावर तिनं चहाचा गरम कप ठेवला. उचलला तर कागदावर काळंकुट्ट कडं. चहा सांडला नव्हता, थेंबही नव्हता, तरी कडं. मी रागावलो. ती म्हणाली, "चंद्राला ग्रहण लागतं, त्यावर कविता करा." मी पत्र फायलीत घालून कपाटात ठेवलं आणि दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी चहा मागायला बोलावंच लागलं.

कडवं अजून आठवत नाही. पहाटे जागा होतो तेव्हा ते अगदी जिभेच्या टोकाशी असतं, डोळे उघडले की उडून जातं. वर्गातल्या भिंती आठवतात, नकाशावरचा समुद्र आठवतो, खिडकीच्या गजाला लटकवलेली तुझी रिबीन आठवते. सगळा वर्ग कविता म्हणतोय, आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्यांची तोंडं हलतात, आवाज मात्र येत नाही. अक्का, तुला आता जग असंच दिसतं का?

तुझा धाकटा


२० मार्च, फॅक्सने

कविराज,

हो, साधारण असंच. पण माणसं तोंड फार वेडंवाकडं करतात, हे आधी लक्षात आलं नव्हतं. करमणूक होते.

माझ्या यंत्रात काल 'पेपर आउट' आलं. कागदाची गुंडाळी संपली. लेकीनं दुसरी दिली होती, ती बसवली. मला कुणी दाखवायला नको, जन्मभर कापडाचे तागेच उलगडत आले. सुलट बाजू आत, उलट बाजू बाहेर, आपल्या शिरस्त्याप्रमाणे. कापड बेततो तसंच. चकाकी आत गेली की तिला डाग लागत नाही.

पलीकडच्या शाळेचे गणवेश या वर्षी मलाच मिळणार आहेत. मुख्याध्यापिका स्वतः जिना चढून आल्या आणि कागदावर लिहून मला विचारलं. सगळी शाळा माझ्या हातचे कपडे घालून रस्त्यानं जाईल. मला बरं वाटलं, हे फक्त तुला सांगते.

अक्का


२७ मार्च, फॅक्सने

अक्का, रीळ पडलं का?

लागोपाठ चार पत्रं धाडली. माझ्या खिडकीत प्रत्येक वेळी 'ओके' आलं. तुझं उत्तर नाही. गणवेशात बुडालीस असं समजतो. दोन ओळी धाड, तेवढं पुरे.

तुझा धाकटा


४ एप्रिल, टपालाने

प्रिय भावास,

मी शिवणकाम बंद करते आहे. शाळेला तसं कळवलं. या महिन्याच्या अखेरीला लेक येईल आणि मला तिच्याकडे घेऊन जाईल. तिला एवढंच सांगितलंय की थकले. घर आणि मशीन दुसऱ्या शिवणाऱ्या बाईला देऊन टाकीन.

फॅक्सचं यंत्र परत करायचं आहे. तूही आता त्यावर लिहू नकोस. तुझी पत्रं छान होती.

अक्का


९ एप्रिल, टपालाने

अक्का,

तू मला 'प्रिय भावास' लिहिलंस तेव्हाच समजलो की काहीतरी बिनसलंय. कविराज नाही, टोमणा नाही. पत्र वाचून दाखवलं तर तुझी भावजय भाजी चिरायची थांबली. म्हणाली, "ताई थकल्या? त्या?"

रात्री अंथरुणात पडून मी माझी सगळी पत्रं आठवून पाहिली. काही लागेल असं लिहिलं का? जग आवाजाशिवाय कसं दिसतं, असं विचारलं, ते टोचलं का? कवितेचा भुंगा फार मागे लावला का? तसं असेल तर कान धर. पट्टी अजून असेल तर पट्टीही चालेल.

परवाच गणवेशांबद्दल लिहिलं होतंस. सगळी शाळा तुझ्या हातचे कपडे घालणार होती. ते वाक्य मी तुझ्या भावजयीला दोनदा वाचून दाखवलं, शेजाऱ्यांना एकदा. असं लिहिणारी बाई पंधरवड्यात थकत नाही, अक्का. पोस्टात पाकिटावरचं अक्षर पाहून मला कळायचं की आत सुख आहे की दुःख. तुझ्या या पत्रातलं अक्षर भ्यालेलं आहे.

लेकीला सांगायचं नसेल तर नको सांगू. मी तिला काही बोलणार नाही. पण मला सांग. मुद्दाम टपालानं आणि जाड शाईनं लिहितोय, यंत्राचा काही दोष असेल तर तो आपल्यामधे यायला नको.

तुझा धाकटा


१५ एप्रिल, टपालाने

कविराज,

तू पिच्छा सोडणार नाहीस, तेव्हा सांगते. लेकीला कळता कामा नये.

माझे डोळे चाललेत.

काचेखालची तुझी पत्रं आधी पुसट व्हायला लागली. मला वाटलं काच मळली. पुसली. पहिलं पत्र आता मला अजिबात दिसत नाही, कागद नुसता पिवळट. दुसऱ्याची थोडी सावली दिसते. नवी येतात ती तर कोरीच. रीळ पडतं, धावत जाते, कागद हातात घेते, त्यावर काही नसतं. उन्हात धरते, तिरका धरते, चष्मा काढून बघते, काही नाही. आणि यंत्राच्या खिडकीत लिहिलेलं असतं की मिळालं. म्हणजे तू लिहिलेलं असणार. मलाच दिसत नाही.

तू तेव्हा इथे नव्हतास म्हणून तुला ठाऊक नाही. आईचे आधी कान गेले, मग अक्षर गेलं. भांडी दिसायची, माणसं दिसायची, माझा चेहरा दिसायचा, पण पोथी समोर धरली की म्हणायची, "यातली अक्षरं कुणी नेली गं?" मग एक दिवस भांडीही गेली. माझंही त्याच क्रमानं चाललंय. कापड मला दिसतं. सुईत दोरा जातो, तो डोळ्यांनी की बोटांच्या सवयीनं ते माहीत नाही. पण एवढ्या पोरांचे गणवेश घ्यायचे आणि अर्ध्यावर हात टेकायचे, हे मला जमणार नाही. त्यापेक्षा आधीच उठलेलं बरं.

तुझं टपालाचं पत्र वाचता आलं. शाई जाड होती म्हणून असेल.

त्या कडव्याचं विचारत होतास. ते मला रोज आठवतं. म्हणूनच लिहवत नाही.

अक्का


२० एप्रिल, टपालाने, तातडीचे

अक्का,

आधी हे पत्र बसून वाच. मग उठ आणि सांगतो ते कर. या पत्रात शाळा, पायऱ्या, पाटी काही नाही, यावरून ओळख की काम किती महत्त्वाचं आहे.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर खिडकीशी बसून होतो. तुझी भावजय शेजारी येऊन बसली, पत्र मागून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, "ताईंनी हे पत्र आखलेल्या कागदावर लिहिलंय. एक अक्षर ओळीबाहेर नाही. तुमच्या पत्रातल्या भुंग्यालासुद्धा उत्तर दिलंय. जिला अक्षर दिसत नाही तिनं हे कसं केलं?" मी म्हटलं, "जाड शाई." ती म्हणाली, "आणि त्यांच्या स्वतःच्या पत्राची बारीक शाई?"

मग ती उठली, फायलीतून तुझं ते चहाच्या कपाचं पत्र घेऊन आली. त्यातली अक्षरं अजून काळीभोर आहेत. तेच यंत्र, तोच कागद. तुझं पत्र कपाटात होतं, माझी तुझ्याकडे खिडकीत होती. तिनं त्या काळ्या कड्यावर बोट ठेवलं. "चहा सांडला नव्हता. मग हे काळं आलं कुठून?"

तेव्हा मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. आत्तापर्यंत मी फक्त एररची पानं वाचत होतो. अक्का, या यंत्रात शाई नसतेच. कागदालाच एका बाजूनं लेप असतो, आणि यंत्र त्याला उष्णतेनं चटके देतं, चटका बसला तिथे काळं होतं. एकाच बाजूला. चकाकणाऱ्या. आणि पुढे लिहिलंय की असा कागद उन्हात ठेवला तर अक्षरं उडतात.

तू माझी पत्रं खिडकीतल्या काचेखाली ठेवलीस. ऊन त्यांना रोज थोडं थोडं पुसत राहिलं. आणि नवी गुंडाळी तू शिरस्त्याप्रमाणे बसवलीस, सुलट बाजू आत. यंत्र बिचारं उलट बाजूला चटके देत राहिलं, तिथे लेपच नाही. तुझं पत्र त्याच दिवसानंतर थांबलंय, मी तारखा लावून पाहिल्या. यात कुठलीच एरर येत नाही. कारण यंत्राच्या मते काही चुकलेलंच नाही.

आता कर. कागदाचं टोक फाड. एका बाजूवर नखानं जोरात रेघ ओढ. मग दुसऱ्या बाजूवर ओढ. जिथे रेघ करडी उमटेल ती लेपाची बाजू. कुठल्याच बाजूला रेघ दिसली नाही तर मी कान पकडतो आणि स्वतः येऊन तुझं सामान बांधतो. दिसली, तर गुंडाळी उलटी कर.

आणि काही झालं तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. आईच्या वेळी तसं कुणी दाखवलं नव्हतं.

तुझा धाकटा


२६ एप्रिल, फॅक्सने

कविराज,

टोक फाडलं. एका बाजूवर नख ओढलं. काही नाही. दुसऱ्या बाजूवर ओढलं. रेघ आली. करडी, बारीक, केसाएवढी. एवढी बारीक रेघ मला खिडकीपासून चार पावलं लांबूनसुद्धा दिसत होती. लांब जाऊन जाऊन बघत बसले. खालचा दुकानदार काहीतरी विचारायला आला होता, तो माझ्या तोंडाकडे बघून तसाच परत गेला.

गुंडाळी उलटी केली. आणि काल तुझं पत्र त्यावर स्पष्ट आलं. मुंगीएवढ्या अक्षरात कोपऱ्यात 'ता. क.' आहे, तेही वाचलं. भावजयीला सांग, हुशार आहे. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली म्हणजे असायलाच हवी.

डॉक्टरकडे जाऊन आले. कान तपासल्यासारखं डोळ्यांत बघत बसला, मग लिहून दाखवलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, वेळ आली की काढून टाकू. चष्म्याचा नंबर थोडा वाढला. बस.

तिथूनच शाळेत गेले. मुख्याध्यापिका मला बघून उठून उभ्या राहिल्या. काम अजून कुणाला दिलेलं नव्हतं. कापड आजच आलं. लेकीला लिहिलं की ये, पण राहायला ये, न्यायला नको. आलीस की बटणं लावायला बस.

आता खरी गोष्ट. काचेखालची कोरी झालेली पत्रं कपाटात ठेवावीत म्हणून काढली. ती गुंडाळली जात होती. गुंडाळलेलं दिसलं की माझा हात इस्त्रीकडे जातो. इस्त्री कोमटच होती. तुझं पहिलं पत्र खाली घातलं, वरून एकदा फिरवली. कागद काळा पडला. जाळलं बाई, म्हटलं. मग बघितलं तर काळ्यावर तुझं अक्षर पांढरं उमटलेलं. अक्षरं उडाली होती तेवढीच जागा गोरी राहिली, बाकी सगळं काळं. डिंकाची पट्टी, भावजयीची भाजी, सगळं वाचता आलं. खाली कविता. दोन कडवी पांढऱ्या अक्षरात, मधे काळी रिकामी जागा.

पाटीच की रे ती. तुझी पाटी, मांडीवर घेतलेली.

मग मी कापडावर खुणा करायचा खडू घेतला. ते पान मागून येतंय. काळं आहे, घाबरू नकोस.

अक्का


२६ एप्रिल, संध्याकाळ, फॅक्सने

अक्का,

घाबरलो नाही, पण यंत्र घाबरलं.

एवढा काळा कागद छापायचा म्हणजे त्याला सगळ्या पानाला चटके द्यावे लागतात. ते धापा टाकत, अंगुळा अंगुळानं पान बाहेर सोडत होतं. आम्ही दोघं समोर उभे. माझं पत्र, पांढऱ्या अक्षरात. पहाटवारा आला दारी. हळूच फिरवी पाने. उठा मुलांनो, उघडा खिडकी. ऐका त्याचे गाणे. आणि तिथे ते थांबलं. खिडकीत अक्षरं आली: 'ओव्हरहीट, प्लीज वेट'. इतकी वर्षं ज्या जागी येऊन मी थांबत होतो, बरोबर त्याच जागी.

तुझी भावजय वर्तमानपत्राची घडी घेऊन यंत्राला वारा घालायला लागली. मी म्हटलं, "अगं, ते माणूस आहे का?" ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा आणि दुसऱ्या बाजूनं घाला." दोघं दोन बाजूंनी वारा घालत होतो. तुझ्या खिडकीतही एरर आली असेल, कारण थोड्या वेळानं तू ते पान पुन्हा धाडलंस. या वेळी ते थांबलं नाही. तुझं खडूचं अक्षर जरा जाड, जरा पसरट, शाळेत होतं तसंच.

ज्यास न ऐकू येई त्याला
फांदी हलवुन दावी;
ज्यास न दिसते त्याच्या गाली
बोटे हळूच लावी.

मी वाचलं नाही, म्हटलं. चालीवर. पहिल्या ओळीचे दोन शब्द झाले आणि पुढचे आपोआप आले, जणू ते कुठे गेलेच नव्हते. मग तिन्ही कडवी सलग म्हटली. तुझी भावजय नाक पुसत होती, विचारलं तर म्हणाली यंत्राचा धूर आहे. धूर नव्हता.

तुला हे का लिहवत नव्हतं ते कळलं. मीही तुझ्याजागी असतो तर लिहिलं नसतं. पण अक्का, एवढी वर्षं मला वाटायचं की हे कडवं दुःखाचं असेल, म्हणून मी ते विसरलो. तसं नाहीये ते. वारा प्रत्येकाला गाठायची काहीतरी युक्ती काढतोच, एवढंच त्यात आहे. कुणाला फांदी, कुणाला बोटं. कुणाच्या पायाशी दोऱ्याचं रीळ.

हे पान आता मी यंत्रात पालथं घालतोय. स्वयंपाकघराच्या दाराला खुर्ची लावली आहे, यंत्र गार झालं आहे. गणवेशाचा पहिला सदरा झाला की त्याच्या खिशाचं चित्र काढून धाड.

रीळ पडलं की खिडकी उघड. पण पत्र मात्र आधी कपाटात ठेव.

तुझा धाकटा